पिवळा रंग विकराचा की मातीचा?

प्रश्न: पदव्युत्तर प्रकल्पासाठी मातीतल्या ॲरिलसल्फेटेज या विकराची क्रिया मोजायची आहे. दोन प्लॉट आहेत, एकात चार वर्षे कंपोस्ट आणि दुसऱ्यात चार वर्षे जिप्सम. १ ग्रॅम ओली माती, ४ मिली बफर, १ मिली पॅरा-नायट्रोफेनिल सल्फेट, ३७ अंशांवर एक तास, मग ४ मिली सोडियम हायड्रॉक्साइड, गाळून ४०० नॅनोमीटरवर रीडिंग, असे चालू आहे. पद्धतीत ॲसिटेट बफर सांगितला आहे, पण ७ सामूचा फॉस्फेट बफर तयार होता, तो वापरला. कॅल्शियम क्लोराइड टाकल्यावर पांढरा साका येऊ लागला म्हणून ते वगळले आणि त्या जागी १ मिली पाणी घातले. गाळलेला द्राव तपकिरी दिसतो. कंपोस्टच्या तीन नळ्यांची रीडिंग ०.५८, ०.४१, ०.६६ आली, जिप्समची ०.३७, ०.३३, ०.४०. कंट्रोल एकच, जिप्समच्या मातीचा, ०.२१. स्टँडर्डही (माहीत असलेल्या प्रमाणातले पॅरा-नायट्रोफेनॉलचे द्राव) त्याच फॉस्फेट बफरमध्ये केले. ५० मायक्रोग्रॅमला १० मिलीत ०.२९ येते. जिप्सममुळे माती बिघडली, असा निष्कर्ष लिहू का?

उत्तर: अजून नको. पत्रात तुम्ही चार अडचणी लिहिल्या आहेत, पण त्यातल्या निदान तीन एकाच चुकीच्या पोटातून निघाल्या आहेत: बफर बदलला. मातीबद्दल बोलण्याआधी हा गुंता सोडवावा लागेल.

ॲरिलसल्फेटेजचे काम साधे आहे. सेंद्रिय रेणूला ऑक्सिजनमार्फत चिकटलेला सल्फेट गट पाण्याच्या साहाय्याने तोडून मोकळा करायचा. पिकाची मुळे गंधक मुख्यतः सल्फेट म्हणून घेतात, आणि वरच्या थरातल्या मातीत बहुतेक गंधक सेंद्रिय रूपात अडकलेले असते. त्यातला मोठा भाग अशा सल्फेट एस्टरांचा. म्हणून या विकराला महत्त्व. तुम्ही जो सबस्ट्रेट, म्हणजे विकराने तोडायचा पदार्थ (पॅरा-नायट्रोफेनिल सल्फेट), देता तो मातीत नसतोच. तो केवळ सोयीचा आहे, कारण त्यातला सल्फेट तुटला की पॅरा-नायट्रोफेनॉल उरतो आणि अल्कधर्मी द्रावात तो गडद पिवळा दिसतो. ही पद्धत टबाटबाई आणि ब्रेम्नर यांनी १९७० साली मांडली आणि आजही जवळपास जशीच्या तशी चालते. तिच्यातली प्रत्येक बाटली कशासाठी आहे हे कळले की काय वगळता येईल आणि काय नाही, ते आपोआप समजते.

आता फॉस्फेट. त्याचा आकार सल्फेटशी इतका मिळताजुळता आहे की तो विकराच्या सक्रिय जागेत शिरून बसतो आणि सबस्ट्रेटला आत येऊ देत नाही. मॉलिब्डेट आणि आर्सेनेट हेही तेच करतात. म्हणजे जे मोजायचे आहे त्याचाच रोधक तुम्ही नळीत ४ मिली ओतलात. शिवाय या विकराला ६ च्या आसपासचा सामू मानवतो. ७ वर तो उगाच मंदावतो. तिसरी गोष्ट म्हणजे तुमचा पांढरा साका. फॉस्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेट खाली बसणारच. तो साका पाहून तुम्ही कॅल्शियम क्लोराइड काढून टाकलेत, आणि तिथून पुढची घसरण सुरू झाली.

कॅल्शियम क्लोराइडचा या क्रियेशी काही संबंध नाही. ते मातीसाठी असते. सोडियम हायड्रॉक्साइड पडले की चिकणमातीचे बारीक कण सुटे होऊन तरंगू लागतात आणि ह्यूमसमधली तपकिरी द्रव्ये विरघळून बाहेर येतात. कॅल्शियम कणांचे गोळे करते आणि ह्यूमस धरून ठेवते. ते नसले की गाळणकागदातून तपकिरी द्राव येतो, आणि ४०० नॅनोमीटरवर तपकिरी रंगही भरपूर प्रकाश शोषतो. यंत्राला तो पिवळाच वाटतो. तुमचा कंट्रोल ०.२१ पर्यंत चढला तो याच कारणाने.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो: योग्य ॲसिटेट बफरमध्येसुद्धा कॅल्शियम क्लोराइडनंतर हायड्रॉक्साइड घातले की पांढरट गढूळपणा येईल. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा असतो. घाबरून पुन्हा काही वगळू नका. तो गाळणकागदावर राहतो. गाळलेला स्वच्छ द्राव मात्र उघडा ठेवून जेवायला जाऊ नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्यात हळूहळू कॅल्शियम कार्बोनेटचा धूसरपणा येतो आणि रीडिंग वर सरकते.

स्टँडर्डचा आकडा तर सगळ्यात बोलका आहे. पॅरा-नायट्रोफेनॉल पिवळा दिसतो तो केवळ आयनरूपात, आणि त्याचा पीकेए, म्हणजे ज्या सामूवर निम्मे रेणू आयनरूपात असतात तो, ७.१५ आहे. अल्कधर्मी द्रावात ४०० नॅनोमीटरवर त्याचा मोलर शोषणांक १८,००० च्या आसपास असतो. तेव्हा १० मिलीत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे ३६ मायक्रोमोलर द्राव, १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (रीडिंगसाठीच्या पारदर्शक नळीत) ०.६५ च्या जवळ यायला हवा. तुम्हाला ०.२९ आला, म्हणजे जेमतेम पंचेचाळीस टक्के. ७ सामूवर जेवढा नायट्रोफेनॉल आयनरूपात असेल, जवळजवळ तेवढाच हा आकडा आहे. थोडक्यात, तुमच्या स्टँडर्डमध्ये हायड्रॉक्साइड पडलेच नव्हते. नमुन्यांत मात्र पडले होते. त्यामुळे नमुने पूर्ण पिवळे आणि स्टँडर्ड अर्धवट पिवळे, अशी तुलना झाली आणि सगळे निकाल सव्वादोन पटीने फुगले. ॲसिटेट बफरमध्ये, ५.८ सामूवर, हीच चूक झाली असती तर केवळ चार टक्के रंग दिसला असता आणि ती लगेच लक्षात आली असती. फॉस्फेट बफरने ती झाकून ठेवली.

कंट्रोलबद्दल जरा सविस्तर, कारण तुमच्या निष्कर्षाचा पाया तोच आहे. प्रत्येक मातीला स्वतःचा कंट्रोल लागतो. कंट्रोलमध्ये सगळे तसेच करायचे, फक्त सबस्ट्रेट तासाच्या सुरुवातीला न घालता कॅल्शियम क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड घातल्यानंतर, गाळण्याच्या अगदी आधी घालायचा. सल्फेट एस्टर अल्कलीत सहज तुटत नाही, त्यामुळे तेवढ्या वेळात नवीन पिवळा रंग तयार होत नाही. मातीचा स्वतःचा रंग आणि सबस्ट्रेटमध्ये आधीपासून असलेला मोकळा नायट्रोफेनॉल मात्र त्यात मोजला जातो. कंपोस्टची माती गडद, ह्यूमसने भरलेली. जिप्समच्या मातीत कॅल्शियम आधीच आहे, म्हणून तिचा गाळलेला द्राव कॅल्शियम क्लोराइड नसतानाही कमी तपकिरी. तुम्ही फिकट मातीचा कंट्रोल गडद मातीतून वजा केलात. हिशेब पाहा: कंपोस्टची सरासरी ०.५५, जिप्समची ०.३६७. दोन्हींतून ०.२१ वजा केले की ०.३४ आणि ०.१५७ उरतात, म्हणजे दुपटीहून जास्त फरक. आता समजा कंपोस्टचा स्वतःचा कंट्रोल ०.३३ निघाला, तर उरतात ०.२२ आणि ०.१५७, फरक १.४ पटीवर येतो. तीन नळ्यांमध्ये ०.४१ ते ०.६६ एवढे अंतर असताना १.४ पट सिद्ध करणे कठीणच.

तेव्हा सगळे नव्याने करा. द्रावणे अशी.

ॲसिटेट बफर, ०.५ मोलर, सामू ५.८: सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ६८ ग्रॅम सुमारे ७०० मिली पाण्यात विरघळवा, ग्लेशियल ॲसेटिक आम्ल १.७ मिली घाला, मीटरवर सामू ५.८ आहे का पाहा, मग १ लिटर करा. बरणीवरचे लेबल नीट वाचा. निर्जल सोडियम ॲसिटेट असेल तर ४१ ग्रॅमच लागते. ६८ घेतले तर बफर ०.८ मोलरच्या पुढे जातो.

सबस्ट्रेट, ०.०५ मोलर: पोटॅशियम पॅरा-नायट्रोफेनिल सल्फेट ०.६४३ ग्रॅम याच बफरमध्ये विरघळवून ५० मिली. इथे एक हमखास घडणारी चूक सांगायलाच हवी. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेटची बाटली बहुतेक प्रयोगशाळांत शेजारीच असते, नाव एका शब्दाने वेगळे, आणि ती घेतली तरी झकास पिवळा रंग येतो. फक्त तो फॉस्फेटेजचा असतो. सबस्ट्रेट थंड जागी ठेवा आणि काही दिवसांतच वापरा. जुना झाला की आपोआप तुटून पिवळा पडतो. तपासणी सोपी आहे: माती न घालता ४ मिली बफर, १ मिली सबस्ट्रेट, १ मिली कॅल्शियम क्लोराइड, ४ मिली हायड्रॉक्साइड, गाळा. जवळजवळ रंगहीन आला पाहिजे. स्पष्ट पिवळा दिसला तर ते द्रावण टाकून द्या.

कॅल्शियम क्लोराइड ०.५ मोलर म्हणजे डायहायड्रेट ७३.५ ग्रॅम प्रति लिटर. सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मोलर म्हणजे २० ग्रॅम प्रति लिटर, ताजे केलेले, प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत. जुन्या, उघड्या राहिलेल्या हायड्रॉक्साइडमध्ये कार्बोनेट साचते आणि तेही कॅल्शियमशी मिळून गाळ वाढवते.

स्टँडर्डसाठी पॅरा-नायट्रोफेनॉल १ ग्रॅम प्रति लिटर असा मूळ द्राव. त्यातला १ मिली घेऊन १०० मिली करा, म्हणजे १ मिलीत १० मायक्रोग्रॅम. याचे ०, १, २, ३, ४, ५ मिली नळ्यांत घ्या, पाण्याने प्रत्येकी ५ मिली करा, मग नमुन्यासारखेच १ मिली कॅल्शियम क्लोराइड आणि ४ मिली हायड्रॉक्साइड घालून गाळा. स्टँडर्ड गाळायचे कशाला, असा प्रश्न नेहमी येतो. नमुने गाळता म्हणून. ५० मायक्रोग्रॅमचा आकडा ४०० नॅनोमीटरवर ०.६५ च्या आसपास आला नाही, तर पुढे जाऊच नका. ४२० वर वाचणार असाल तर तो याहून कमी येईल. चालेल, पण मग सगळेच ४२० वर वाचा.

मोजणीच्या दिवशी २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली, ओली, मुळे वेचलेली माती १ ग्रॅम ५० मिलीच्या कोनिकल फ्लास्कमध्ये घ्या. टोल्युइन ०.२५ मिली घालून हलवा. टोल्युइनचे काम जिवाणूंची वाढ रोखणे. एका तासाच्या मोजणीत त्याने फार फरक पडत नाही, पण जुन्या निकालांशी तुलना करायची असेल तर ठेवा. ते धूरपेटीतच (फ्यूम हूडमध्ये) हाताळा. पॉलिस्टायरिनच्या क्युव्हेटला टोल्युइन लागले तर भिंत धूसर होते आणि तो दोष रीडिंगमध्ये उतरतो. काचेचे क्युव्हेट घ्या आणि पिपेट द्रावाच्या वरच्या थरातून न भरता मधून भरा.

मग ४ मिली बफर, १ मिली सबस्ट्रेट, बूच, हलका हेलकावा, आणि ३७ अंशांच्या पाण्यात एक तास. हवेच्या इनक्युबेटरपेक्षा वॉटर बाथ बरा. थंड फ्लास्क हवेत तापायला बराच वेळ घेतो, आणि कडेचा फ्लास्क मधल्यापेक्षा उशिरा तापतो. इनक्युबेटरच असेल तर बफर आधी ३७ अंशांवर आणून घ्या. सबस्ट्रेट प्रत्येक फ्लास्कमध्ये ३० सेकंदांच्या अंतराने घाला आणि तासाभराने हायड्रॉक्साइडही त्याच क्रमाने, त्याच अंतराने. वीस फ्लास्क असतील तर एका ओळीने सबस्ट्रेट आणि मन मानेल तसे हायड्रॉक्साइड, यात दहा मिनिटांचा फरक सहज पडतो. साठातली दहा मिनिटे म्हणजे सतरा टक्के चूक. तुमच्या ०.४१ आणि ०.६६ मधल्या अंतराचा काही वाटा इथला असावा. उरलेला बहुधा मातीचाच: कंपोस्टचा एखादा तुकडा १ ग्रॅममध्ये आला किंवा नाही आला, एवढ्याने आकडा हलतो. कंपोस्टच्या मातीला तीनऐवजी पाच फ्लास्क लावा आणि वजन करण्याआधी चाळलेली माती पुन्हा चांगली मिसळा.

तास झाला की आधी कॅल्शियम क्लोराइड १ मिली, लगेच हायड्रॉक्साइड ४ मिली. हा क्रम उलटा करू नका. हायड्रॉक्साइड आधी पडले तर ह्यूमस सुटून झालेला असतो आणि मग कॅल्शियमला वरातीमागून घोडे आणण्यापलीकडे काम उरत नाही. काही सेकंद हलवा, गाळा, वाचा. शंका असेल तर तोच क्युव्हेट ६०० नॅनोमीटरवरही वाचून पाहा. नायट्रोफेनॉल तिथे काहीच शोषत नाही, म्हणून ६०० वर जे दिसेल तो गढूळपणा. नमुना आणि त्याचा कंट्रोल यांच्या ६०० च्या आकड्यात ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा गाळा किंवा सेंट्रिफ्यूज करा. रंग फार गडद आला तर गाळलेला द्राव पातळ करा आणि कंट्रोलही तितकाच पातळ करा.

एकदाच करायची आणखी दोन पडताळण्या आहेत. एकीत सबस्ट्रेट न घालता मातीत २५ मायक्रोग्रॅम नायट्रोफेनॉल घाला आणि पूर्ण प्रक्रिया करून परत किती मिळतो ते पाहा. पंचवीसपैकी बावीसच मिळाले तर मातीने काही धरून ठेवला आहे, आणि मग स्टँडर्ड मातीसहच करावे लागतील. दुसरीत १५, ३०, ६० आणि ९० मिनिटांची रीडिंग काढा. रेषा सरळ असली पाहिजे. सबस्ट्रेट अपुरा पडण्याची भीती नको: ५ मिलीत ५० मायक्रोमोल असतो आणि साध्या मातीत तासाभरात त्यातला काही टक्केच तुटतो.

हिशेबाचे एक उदाहरण घ्या. नमुना ०.५२, त्याचा कंट्रोल ०.०९, फरक ०.४३. स्टँडर्डचा उतार ०.०१३ प्रति मायक्रोग्रॅम, म्हणजे ३३.१ मायक्रोग्रॅम नायट्रोफेनॉल. मातीत ओलावा १८ टक्के. इथे थांबून विचारा: कोणत्या वजनावर? ओल्या वजनावर असेल तर १ ग्रॅममध्ये कोरडी माती ०.८२ ग्रॅम आणि उत्तर ४०.३ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम प्रति तास. कोरड्या वजनावर असेल तर १ भागिले १.१८, म्हणजे ०.८४७ ग्रॅम आणि उत्तर ३९.१. इथे फरक किरकोळ वाटतो, पण ४० टक्के ओलाव्याला तोच घोळ एकोणीस टक्क्यांवर जातो, आणि कंपोस्टची माती पाणी जास्त धरते.

आता जिप्सम. नव्या मोजणीतही क्रिया कमीच निघाली तर? तरी ‘माती बिघडली’ असे लिहू नका. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. सल्फेट आयते मिळू लागले की अनेक जिवाणू हे विकर बनवणे थांबवतात. स्यूडोमोनास एरुजिनोसामध्ये ही गोष्ट चांगली अभ्यासली गेली आहे. गंधकाची चणचण पडली तरच ते बनवायचे, हा त्यांचा व्यवहारी हिशेब. गंमत अशी की या विकराची कात्री चालते ती एका बदललेल्या अमिनो आम्लावर, आणि स्यूडोमोनासमध्ये ते सिस्टीनमधला गंधकाचा गट काढून तयार होते. गंधक मिळवायला आधी थोडे गंधक सोडावे लागते. तेव्हा जिप्समच्या प्लॉटमध्ये विकर कमी असणे हे सल्फेटची रेलचेल असल्याचेही लक्षण असू शकते. याउलट कंपोस्टमध्ये जिवाणूही जास्त आणि सल्फेट एस्टरही जास्त, म्हणून क्रिया जास्त.

नळीतल्या सल्फेटने विकर तात्पुरते अडले, की मातीत ते मुळातच कमी आहे, हे वेगळे काढता येते. जिप्समचा संतृप्त द्राव सुमारे १५ मिलिमोलर असतो. १०० मिली ॲसिटेट बफरमध्ये ०.३२७ ग्रॅम पोटॅशियम सल्फेट घाला. त्याचे ४ मिली आणि सबस्ट्रेटचा १ मिली मिळून नळीत १५ मिलिमोलर सल्फेट येते. या बफरने कंपोस्टची माती मोजा. क्रिया घसरून जिप्समच्या पातळीला आली तर तुम्ही पाहिलेला फरक नळीतला आहे. फारशी हलली नाही तर विकरच कमी आहे. सोबत दोन्ही मातींतले उपलब्ध सल्फेट मोजा: ०.१५ टक्के कॅल्शियम क्लोराइडचा द्राव, माती आणि द्राव १:५, अर्धा तास हलवून गाळायचे, मग बेरियम क्लोराइडने येणारा गढूळपणा वाचायचा. सेंद्रिय कर्बही मोजा आणि विकराची क्रिया प्रति ग्रॅम कर्ब अशीही मांडून पाहा. कंपोस्टच्या प्लॉटची आघाडी कर्बामुळेच आहे का, ते त्यात दिसेल. आणि प्रबंधात कुठेही ‘मातीतून इतके सल्फेट मोकळे होते’ असे लिहू नका. भरपूर सबस्ट्रेट, ३७ अंश, जमणारा सामू आणि पाणीच पाणी अशा परिस्थितीत विकर जास्तीत जास्त काय करू शकते, एवढेच ही पद्धत सांगते.

साठवलेल्या मातीचे काय, हे तुम्ही विचारले नाही, पण पुन्हा मोजणार म्हणजे प्रश्न येणारच. ४ अंशांवर ओली ठेवलेली माती दोन आठवड्यांच्या आत वापरा. हवेत वाळवली की क्रिया बदलते, आणि सगळ्या मातींत एकसारखी बदलत नाही. म्हणून एका प्लॉटची ओली आणि दुसऱ्याची वाळलेली अशी जोडी कधीही लावू नका. ओलाव्यासाठी १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलेला भाग विकराच्या मोजणीला मेलेलाच समजा. मूळ माती संपली असेल तर दोन्ही प्लॉटमधून एकाच दिवशी, एकाच खोलीवरून नवे नमुने घ्या आणि बफरची बाटली आदल्या दिवशीच करून ठेवा.